ऐरणीवर ठेवलेली सुरी

पारूमामीचा फोन आला तेव्हा मी भोरच्या एसटी स्टँडसमोर एका भाजीवालीशी मेथीची जुडी आजची की कालची, यावरून हुज्जत घालत होते. मामी फोनवर कधी पाल्हाळ लावत नाही. म्हणाली, "नंदा, तुझा मामा गेला गं. जेवून बाजेवर पडला हुता, चहाला उठवाय गेले तर..." पुढे थोडा वेळ नुसता हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "वन्संस्नी फोनवर सांगू नगं. तू सोता जा."

वन्सं म्हणजे माझी आई, सदामामाची थोरली बहीण. मेथी तिथंच टाकून मी मिळेल त्या गाडीनं भोंगवलीला गेले. आई पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. वाटेत मी काय काय शब्द जुळवले होते, पण तिच्यासमोर बसल्यावर त्यातला एकही आठवेना. मी नुसतं "सदामामा..." म्हटलं आणि तिला कळलं. तिनं सूप बाजूला सारलं. रडली नाही. मला विचारलं, "सुरी ऐरणीवरच हाय ना?"

मी म्हटलं, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "मग इचार." अशा वेळी असलं काही विचारायला फोन करायचा म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी केला. मामीला मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "हाय म्हणावं," ती म्हणाली, "तितंच हाय. कुनी हात लावला न्हाई." मी आईला तसं सांगितलं. तेव्हा कुठं तिनं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडायला लागली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मामाबद्दल लिही असं मला दोघातिघांनी सुचवलं, आणि लिहायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या सुरीची हकिकत सांगितल्याखेरीज मामा सांगून व्हायचा नाही.

सदामामा किकवीचा लोहार. हायवेपासून जरा आत त्याची पत्र्याची शेड, मागे घर. आता लोहार म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर एखादा अबोल, खाली मान घालून काम करणारा साधा कारागीर येत असेल, तर त्यांनी ते चित्र आधी पुसून टाकावं. माझा मामा पट्टीचा बढाईखोर होता. "म्हाज्या कोयत्यानं सकाळी झाड तोडलं तर झाडाला सांजच्याला कळतं," हे त्याचं वाक्य भोर तालुक्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांना पाठ असेल. गडावरच्या मावळ्यांच्या तलवारी आमच्याच पूर्वजांनी घडवल्या असंही तो सांगायचा. फक्त गड कुठला ते गिऱ्हाईक कुठून आलंय यावर ठरायचं. गुंजवण्याचा माणूस आला की तो राजगड असायचा, वेल्ह्याचा आला की तोरणा, आणि पलीकडच्या बाजूचा कुणी आला की त्याच तलवारी पुरंदरावर जायच्या. एकदा दोन गावांची माणसं एकदम आली, तेव्हा मामानं न डगमगता सांगितलं की, एक भाऊ तिकडं हुता अन् एक इकडं.

बढाया मारायला त्याला फुरसत मिळायची, कारण घण मामीच्या हातात असायचा. आमच्याकडच्या जुन्या लोहारघरांत ही रीतच आहे, भट्टी आणि हातोडी नवऱ्याची, घण बायकोचा. मामा डाव्या हातातल्या सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचा आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीनं जिथं टक् करील, बरोबर तिथं मामीचा घण पडायचा. हातोडी हळू पडली की घण हळू, जोरात पडली की जोरात. हातोडी ऐरणीच्या कडेवर नुसती खुळखुळली की थांबायचं. दिवसभर अख्ख्या जगाशी बडबडणारा माणूस, पण ऐरणीपाशी बायकोशी तो एक शब्द बोलायचा नाही, सगळं हातोडीनंच. सवय इतकी अंगात मुरली होती की जेवतानासुद्धा भाकरी हवी असली की तो ताटाच्या कडेवर बोटानं टक् करायचा. मामी म्हणायची, एवढाच काय तो घास-दोन घास गप्प असतो, असू दे.

आता त्या घरातली दुसरी रीत सांगायला हवी. धारेची वस्तू कुणाला हातातून हातात द्यायची नाही, दिली तर भांडण होतं. हे आपल्याकडं पुष्कळ घरांत पाळतात. आपण सुरी खाली ठेवतो आणि दुसरा उचलतो, आणि तिथं विषय संपतो. पण लोहाराच्या घरात हा विषय संपत नाही. गिऱ्हाइकाचं ठीक होतं, तो व्यवहार होता. पण आपल्या माणसाला धारेची वस्तू भेट म्हणूनही देऊ नये असं आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं, आणि मामाला तर धारेच्या वस्तूंशिवाय दुसरं काही करताच येत नव्हतं. म्हणून त्यानं तोड काढली होती. आपल्या माणसासाठी काही घडवलं की तो ते ऐरणीवर ठेवायचा, मूठ त्या माणसाच्या बाजूला करून, आणि स्वतः पाठ फिरवून दुसरंच काहीतरी करत बसायचा. आपण ते उचलायचं. माझ्या लग्नात त्यानं विळी केली ती मी अशीच उचलली. "म्या दिली न्हाई हां," तो पाठमोराच म्हणाला होता, "तुला घावली."

असा हा कडक नेम एकदाच मोडला, आणि तो मोडला माझ्या आईच्या बाबतीत. भाऊबीज करून आई किकवीहून भोंगवलीला परत निघाली होती. शेजारच्या कुणाच्या तरी टेम्पोत जागा मिळाली होती आणि तो टेम्पोवाला बाहेर हॉर्नवर हॉर्न मारत होता. आईला भातकापणीसाठी विळा न्यायचा होता. त्या गडबडीत विळा मामाच्या हातातून सरळ आईच्या हातात गेला. दोघांच्याही लक्षात आलं, दोघंही दचकले, पण तोवर टेम्पो निघाला होता.

पुढे काही दिवसांनी आई भोरच्या बाजारात दुसऱ्याच एका दुकानावर विळा बघत उभी असलेली कुणीतरी पाहिली. ती तिथं म्हणाली म्हणे की, आमच्या सदाची धार आता पहिल्यावानी ऱ्हायली न्हाई. खरंच म्हणाली का, आणि म्हणाली तर किती म्हणाली, हे देव जाणे, पण किकवीला पोचेपर्यंत त्याला चांगली फोडणी बसली होती. मामाला तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर त्यानं हसून चहा पाजला असता. पण धारेला नाव? तेही सख्ख्या बहिणीनं, भर बाजारात? त्यानं निरोप धाडला, दुकानातलाच विळा लखलाभ होवो. आईनं उलट निरोप धाडला. आणि अबोला सुरू झाला.

मी भोरच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे मी पाहिलेत. पण या दाव्यासारखा दावा मी पाहिला नाही. कारण धार बोथट होती की नव्हती हा वादाचा मुद्दाच राहिला नाही. दोघांचंही ठाम मत होतं की भांडण झालं ते विळा हातात दिला म्हणून, त्यात दोष कुणाचाच नाही. मग अडलं कुठं? तर आधी हात कुणी पुढं केला, यावर. मामा म्हणायचा, आक्कानं हात पुढं केला म्हणून म्या दिला. आई म्हणायची, त्यानं पुढं धरला म्हणून मी घेतला. एवढ्यावर वर्षं गेली. भाऊबिजेला आई किकवीला जायची, ओवाळायची, पण ओवाळताना बोलायची माझ्याशी. "नंदे, त्येला सांग टोपी नीट घाल." आणि मामा समोर पाटावर बसून मला सांगायचा, "आक्काला सांग, टोपी नीटच हाय."

आम्ही हसायचो. पण मामी हसायची नाही. मामीचं माहेर गुंजवण्याच्या बाजूची एक लहानशी वाडी. धरण झालं तेव्हा ती वाडी पाण्यात गेली. तिच्या भावांना दुसरीकडं जमीन मिळाली, घरं झाली, सगळे खाऊनपिऊन सुखी आहेत. पण मामी एकदा भाऊबिजेच्याच दिवशी चुलीपाशी बसून मामाला म्हणाली ते मी ऐकलं. "माजं म्हायेर पान्याखाली गेलं. उन्हाळ्यात पानी उतरतं तवा जाऊन बघते, तर उंबरासुदिक वळकू येत न्हाई. वन्संचं म्हायेर हितं कोरड्या जिमिनीवर उभं हाय. ते तुमी दोगं कशापायी बुडीवताय?"

पुढच्या खेपेला मामी भावांकडं गेली ती येताना फडक्यात काहीतरी जड गुंडाळून एसटीनं घेऊन आली. वाडी उठली तेव्हा तिच्या भावांनी वडिलांच्या बैलगाडीची चाकं सोबत नेली होती. लाकूड कधीच कुजून गेलं, पण चाकाची लोखंडी धाव गोठ्यात खुंटीला लटकत होती. मामीनं तिचा हातभर तुकडा तोडून आणला होता. तो तिनं मामासमोर ठेवला, ऐरणीवर, आणि म्हणाली, "वन्संसाटी कायतरी करा ह्याचं."

मामाला समजूत काढणं जमत नव्हतं, माफी मागणं तर त्याहून नाही. पण काहीतरी करून दाखवायचं म्हटल्यावर त्याच्यात वारं शिरलं. त्याच्या आजोबांकडं म्हणे एक सुरी होती. तिच्या पात्यावर पाण्यासारख्या रेषा होत्या, भाताच्या खाचरात वारा सुटल्यावर उठतात तशा. कुणी पाहुणा बघायला म्हणून घेऊन गेला तो गेलाच. मामानं ती लहानपणी पाहिली होती. आजोबांनी सांगितलेलं एवढंच त्याला आठवत होतं की मऊ लोखंड आणि कडक पोलाद यांचे थर एकावर एक ठेवून, ठोकून, घडी घालून, पुन्हा ठोकून ती होते. "नुसतं पोलाद मोडतं, नुसतं लोखंड वाकतं," मामा म्हणाला. "दोनी मिळून ऱ्हायली तर पिढ्या जातात." मऊ लोखंड मामीच्या माहेरच्या धावेचं. कडक पोलाद एका जुन्या टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. तो टेम्पो म्हणजे आईला त्या भाऊबिजेला नेणाराच, असं मामा पुढे सांगायचा. ती थाप होती, पण मला आवडायची.

पहिल्या दिवशी त्यानं निम्मं किकवी गोळा केलं. आक्काचं तोंड उघडं राहील अशी सुरी करतो म्हणून त्यानं पैजाच मारल्या होत्या, तेव्हा बघ्यांची कमतरता नव्हती. पट्ट्या कापून, घासून, एक मऊ एक कडक अशा रचून, तारेनं बांधून भट्टीत गेल्या. लोखंड लाल झालं, मग पिवळं, मग त्याच्यावर मामानं टाकणखार भुरभुरला, तो साखरेच्या पाकासारखा वितळून पसरला. पांढरं होऊन ठिणगी उडायला लागली की ते बाहेर काढायचं आणि श्वास घ्यायच्या आत ठोकायचं, तरच थर एकमेकांना धरतात. हे मामाला माहीत होतं. कोयत्याला पोलाद भरताना तो हेच करत आला होता. पण त्यानं सांडशीत ते लोखंड बाहेर काढलं, समोर पंचवीसतीस माणसं बघितली, आणि त्याला पूर्वज आठवले. बघे भोरच्या बाजूचे होते, त्यामुळे गड रोहिडा होता. मामी घण उचलून उभी, आणि मामा लोखंड हवेत धरून तलवारी सांगतोय... हातोडी पडली तोवर लोखंड निवलं होतं. घण बसला आणि सगळे थर शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटून शेडभर उडाले.

माणसं हसली. मामानं त्या हसण्यातही भाग घेतला, पण त्याची कानशिलं लाल झाली होती. मामीनं घण खाली ठेवला आणि म्हणाली, "आदी ही जत्रा घालवा."

दुसऱ्या खेपेला शेडच्या तोंडावर गोणपाट सोडलं होतं. आत आम्ही तिघंच. मला बोलायचं नाही या अटीवर राहू दिलं होतं. तुकडे गोळा करून, पुन्हा घासून, पुन्हा बांधून भट्टीत गेले. मामा विस्तवाकडं बघत होता आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प होता. लोखंड बाहेर आलं तशी हातोडी हलकेच पडली. मामीनंही घण मारला नाही, नुसता वरून ठेवल्यासारखा केला. पुन्हा टक्, पुन्हा ठेवला. सुरुवातीला खडखड असा फुटका आवाज येत होता. मग तो हळूहळू बदलत गेला आणि एका घावाला एकच भरीव आवाज आला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग हातोडीला जोर चढला आणि घणालाही.

त्यानंतर किती दिवस ते काम चाललं मी मोजलं नाही. लोखंड लांबवायचं, मधोमध छिनी घालून दुमडायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा जोडायचं. मग तापलेली सळी शेगड्याच्या लोखंडी पकडीत धरून दोरीसारखी पिळली, पुन्हा चपटी केली. मामी तेव्हा साठीच्या पुढं होती. रोज संध्याकाळी ती खांद्याला हळद-तेल चोळायची. मी म्हटलं, मामी, एखाद्या गड्याला बोलवा की घण मारायला. ती म्हणाली, "गड्याला ह्येंची हातुडी कळायची न्हाई." आणि जरा थांबून म्हणाली, "आन् धाव माझ्या बापाच्या गाडीची हाय." पातं आकाराला आलं, धार टिकावी म्हणून त्याला पाणी देतात तसं तेलात बुडवलं तेव्हा भप्पकन जाळ उठला, मामाच्या भुवयांचे केस जळले. मग कानस, मग दगड, मग पॉलिश पेपर. मामानं ती इतकी घासली, इतकी घासली की आरशात बघावं तसं तोंड दिसायला लागलं.

आणि सुरी कोरी होती. एक रेष नाही. बाजारात मिळते तशी चकचकीत, गुळगुळीत, साधी सुरी. मामानं ती उजेडात धरली, सावलीत धरली, तिरकी धरली, उलटी धरली. मग तो बाजेवर बसला. बढाई मारायला काहीच नसलेला मामा मी त्या दिवशी पाहिला. कुणी म्हातारा माणूस येऊन बसलाय असं वाटलं. मला फार वाईट वाटलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की, आजोबांची गोष्टच खोटी असेल, नाहीतर आपला हात तरी खोटा. आक्का म्हणाली ते बरोबरच होतं. त्यानं मूठ कशीबशी बसवली आणि सुरी स्वयंपाकघरात नेऊन टाकली. भाजीला घ्या म्हणाला.

चैत्र सरत आला होता. मामीनं कोय न धरलेल्या कोवळ्या कैऱ्या आणल्या होत्या. हाताशी सापडली म्हणून तिनं तीच सुरी घेतली आणि लोणच्यासाठी पाटीभर कैऱ्या चिरल्या. मी मिठाची बरणी पुसत होते. चिरता चिरता मामीची कुरकुर सुरू झाली. फोडी कडेनं काळ्या पडत होत्या. कुरकुर वाढत गेली आणि शेवटी मामी तशीच उठून शेडच्या दारात गेली. "कसली सुरी केलीसा ही? समद्या कैऱ्या नासल्या माज्या," असं म्हणत तिनं सुरी धुण्याच्या दगडावर ठेवली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

कैरीचा आंबटपणा पोलादावर चढून ते काळवंडलं होतं आणि धावेचं लोखंड उजळच राहिलं होतं. पाणी ओघळून गेलं आणि पात्यावर रेषा दिसल्या. मुठीपासून टोकापर्यंत, वळत, मुरडत, एकमेकींच्या जवळ येत आणि लांब जात, जशा मामानं वर्णन केल्या होत्या तशाच. आम्ही तिघंही त्या दगडाभोवती उकिडवे बसलो. मामाचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिले. त्यानं ते बाहीनं पुसले, घसा खाकरला आणि म्हणाला, "मला म्हाईतीच हुतं. कैरीचा मोसम यायची वाट बघत हुतो."

काळ्या फोडींचं लोणचं आम्ही वर्षभर खाल्लं. त्याची चव चांगली होती.

भोंगवलीला निरोप न्यायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. निरोप असा होता, की ऐरणीवर एक सुरी ठेवलेली आहे, कुणी ठेवली ते सदाला माहीत नाही, ज्याची असेल त्यानं उचलावी. आई म्हणाली, "ज्याची म्हंजी कुनाची?" मी म्हटलं, ते तू येऊन ठरव. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. शेडमध्ये शिरली तेव्हा मामा पाठमोरा बसून खिळे निवडत होता. ऐरणीवर सुरी होती, मूठ दाराकडं. आईनं ती उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला, रेषा बघितल्या. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मामीकडं कांदा मागितला. उभ्याउभ्या तळहातावर धरून चिरला. मग म्हणाली, "धार हाय."

मामानं मान वळवली नाही. तो उठला आणि भट्टीत नसलेला विस्तव सारखा करायला लागला. बराच वेळ तो राख उकरत होता. आईनं सुरी पदरानं पुसली आणि होती तशी ऐरणीवर परत ठेवली. तेव्हा मात्र तो वळला आणि माझ्याशी नाही, तिच्याशी बोलला. "का गं आक्का? न्हेत न्हाईस व्हय?"

"न्हेली की झालं की रं," आई म्हणाली. "मग मला हितं याला निमित्त काय? ऱ्हाऊ दे हितंच."

पुढची सगळी वर्षं ती सुरी तिथंच राहिली. आणि आई भाज्या घेऊन किकवीला यायला लागली. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. भोंगवलीच्या परसातला तांबडा भोपळा एसटीत मांडीवर घेऊन ती किकवीला यायची, मामाच्या शेडमध्ये बसून त्या सुरीनं चिरायची आणि फोडी पिशवीत भरून परत न्यायची. कंडक्टर विचारायचे, आजी, भोपळा एकीकडं अन् स्वयंपाक एकीकडं कसा? ती म्हणायची, धार चांगली हाय तिकडं. हे मामाच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगितलं. ती ऐरणीपाशी बसून चिरणार, तो बाजेवर बसून तिला चिरायचं कसं ते शिकवणार, ती त्याला गप्प बस म्हणणार, आणि आधी हात कुणी पुढं केला यावर दोघं अधूनमधून पुन्हा जुंपणार. कामासाठी ऐरण लागली की मामा सुरी उचलून बाजूला ठेवायचा आणि काम झालं की पहिल्यांदा ती जागेवर, मूठ दाराकडं.

मरणाच्या महिनाभर आधी मी त्याला भेटले ती शेवटची भेट. तो सुरीला धार लावत होता. मध्येच थांबून, आजूबाजूला मामी नाही असं बघून मला म्हणाला, "नंदे, तुला म्हून सांगतो. त्या दिशी हात मीच पुडं केला हुता. टेम्पोवाल्याच्या हारनानं गडबडलो. पर आक्काला सांगू नगं. भांडान मिटलं तर ती याची बंद हुईल." मी हो म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं, कारण आदल्याच वर्षी आईनं मला हेच, जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं. हात तिचाच पुढं होता, पण सदाला सांगू नको. कोर्टात इतकी वर्षं काढली, पण दोन्ही पक्ष गुन्हा कबूल करतात आणि दोघांनाही निकाल नको असतो, असा दावा हाच एक.

दिवसकार्य उरकलं. पाहुणे पांगले. मामामामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मागं मामी एकटी. मी दोन दिवस जास्त राहिले होते. आईही थांबली होती, पण घरात गप्प गप्प असायची आणि शेडकडं फिरकत नव्हती. मी एकदा धीर करून तिला मामाचं ते बोलणं सांगितलं, म्हटलं आता लपवून काय करायचं. आई म्हणाली, "खोटं बोलतुय त्यो. ल्हानपणापासनं माज्या चुका सोताच्या अंगावर घ्याची खोड हाय त्येला." आणि त्या दिवसांत पहिल्यांदा जराशी हसली.

निघायच्या दिवशी मामी आम्हाला शेडमध्ये घेऊन गेली. भट्टी थंड होती. मामाची हातोडी आणि सांडशी तिनं धुऊन, तेल लावून भिंतीला टेकवून ठेवली होती. शिरवळकडचा कुणीतरी ऐरण मागायला येऊन गेला होता, तिनं नंतर बघू म्हटलं होतं. ऐरणीवर सुरी होती, मूठ दाराकडं. मामी म्हणाली, "वन्सं, आता ही घिऊन जावा. तुमची हाय. तुमच्या भावानं तुमच्यासाटी केली. आता हितं ठिवून तरी काय..."

मला आईकडं बघवेना. भाऊ गेला की बाईचं माहेर जातं, असं आपण किती सहज म्हणतो. ती सुरी उचलून पिशवीत टाकली की किकवीचं सगळं संपणार होतं आणि हे तिथं तिघींनाही कळत होतं. आईनं सुरी उचलली. मग खाली बसली, पिशवी ओढली आणि तिच्यातून एक भोपळा काढला. दुखवट्याच्या घरी जाताना तिनं तो भोंगवलीहून आणला होता आणि इतके दिवस पिशवीतच ठेवला होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं तो सावकाश चिरला. फोडी ताटात ठेवल्या, निम्म्या मामीच्या आणि निम्म्या आपल्या. सुरी धुतली, पदरानं कोरडी केली, तेलाचं बोट फिरवलं आणि ऐरणीवर ठेवली.

"ऱ्हाऊ दे हितंच," ती मामीला म्हणाली. "न्हाईतर मी याचं कशाला?"

मामी खाली बघत होती. तिनं ऐरणीच्या कडेवर बोटानं हलकेच टक् केलं, मामा ताटावर करायचा तसं. मग म्हणाली, "पुडल्या खेपंला दुधी आना, वन्सं. भोपळ्यानं मला वात हुतो."

आई गेल्या आठवड्यात दुधी घेऊन गेली होती. जाताना एसटीत जागा मिळाली नाही म्हणून कंडक्टरशी भांडली.